हायड्रोजन थायरॅट्रॉनची रचना

दिल्लीत मुनिरक्याजवळ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी, आंतर-विद्यापीठीय त्वरक केंद्र आहे. तेथील प्रकाशस्रोतातल्या क्लायस्ट्रॉन नलिकेला वीज अखंड लागत नाही. काही मायक्रोसेकंदांपुरता, परंतु प्रचंड शक्तीचा स्पंद लागतो. अशा यंत्रणांत ऊर्जा आधी संधारित्रांत सावकाश साठवून मग एकदम सोडावी लागते. ती सोडणारी कळ आज अर्धसंवाहकांचीही करतात. तथापि दुसऱ्या महायुद्धातील रडारपासून हे काम प्रामुख्याने हायड्रोजन थायरॅट्रॉनने केले. पिलानीच्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ४० किलोव्होल्ट रोखणारी व ३,००० अँपिअर वाहू देणारी अशी नलिका भारतातच घडवली.

या नलिकेकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. क्षणापूर्वी तिने उत्तम विद्युत् रोधक असावे आणि क्षणानंतर उत्तम संवाहक. दोन्ही गोष्टी आतील वायूच्या दाबावर अवलंबून असतात. हा दाब पाऱ्याच्या सुमारे अर्ध्या मिलिमीटरइतकाच असतो. येथे एक नवल दिसते. धनाग्र व जालक यांतील अंतर वाढवले तर रोधनक्षमता वाढेल, असे वाचकास वाटेल. प्रत्यक्षात ती घटते! विरळ वायूत इलेक्ट्रॉनाला दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत रेणू क्वचितच आडवा येतो. वाट लांबली की टकरी वाढतात आणि विद्युत् विसर्ग पेटतो. म्हणून रचनाकार धनाग्राला जालकाने जवळून वेढतो व लांबची एकही वाट मोकळी ठेवत नाही. अधिक विद्युत् दाब हवा असल्यास अशा फटी एकापुढे एक मांडतात.

जालकास धन स्पंद दिला की नलिका पेटते. त्यानंतर मात्र जालकाचा अधिकार संपतो. प्रवाह थांबेपर्यंत ते निरुपयोगीच. हायड्रोजनाचे आयन हलके असल्याने लवकर विझतात आणि नलिका पुढच्या स्पंदास सज्ज होते. जड पारदवाफेला हे इतक्या त्वरेने साधत नाही.

खरी अडचण आयुष्याची आहे. हायड्रोजन हळूहळू नलिकेच्या भागांत शोषला जातो. म्हणून आत टायटॅनियम हायड्राइडचा तापवता येणारा साठा ठेवतात. तो अधिक तापवला की वायुदाब वाढतो, नलिका जलद पेटते व धनाग्र कमी तापते. पण अति केल्यास ती आज्ञेविना पेटू लागते. यास्तव जुन्या नलिकेचा तापक-विद्युत् दाब थोडाथोडाच वाढवून पाहावा लागतो.