एका वेळी किती जखमा?

बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनं किंवा हल्लीच्या इंजेक्शनांनी चाळीस-पन्नास किलो वजन उतरलं, की माणूस खरंच बदलतो. मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना धाप लागत नाही, गुडघे गप्प बसतात. पण कपड्यांखाली एक गोष्ट उरते, ती बाहेरच्यांना दिसत नाही. पोटाची कातडी ओटीपोटावरून खाली लोंबते, दंडाखाली झोळी होते, मांड्या आतून घासतात, छाती उतरते. पावसाळ्यात या घड्यांमध्ये घाम साठतो, बुरशी धरते, कातडी सोलवटते. कितीही आंघोळ केली तरी वास जात नाही. मलम लावलं की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. या त्रासाला जवळची माणसंही ‘नटण्याची हौस’ म्हणतात तेव्हा वाईट वाटतं, कारण रोज ओली राहणारी, चिघळणारी कातडी हा आजार आहे.

ही कातडी आपोआप का आत जात नाही, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. त्वचेच्या मधल्या थरात कोलॅजनचे चिवट आणि इलॅस्टिनचे लवचीक धागे असतात. वर्षानुवर्षं ताणलेल्या त्वचेत हे धागे विरळ होतात, तुटतात, त्यांची मांडणी विस्कटते. जुन्या पायजम्याचं सैल झालेलं इलॅस्टिक जसं धुऊन-वाळवून आखडत नाही, तसंच हे. व्यायामानं खालचा स्नायू भरतो, वरची कातडी आखडत नाही. क्रीम आणि मसाज तर तिथवर पोचतच नाहीत. वय आणि उतरलेलं वजन जितकं जास्त, तितकी उरलेली कातडी जास्त.

ती कापून काढणं हा उपाय जुना आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ साली एका स्त्रीच्या पोटावरचा लोंबता भाग काढल्याची नोंद केली. त्या एका तुकड्याचं वजन ७,४५० ग्रॅम होतं. पुढे बराच काळ पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे मुख्यतः पुढून छेद असंच होतं. १९९०च्या दशकात प्लास्टिक सर्जन टेड लॉकवुड यांनी दाखवून दिलं, की त्वचेखालच्या चरबीत एक पातळ पण भक्कम पापुद्रा असतो आणि टाक्यांचा ताण त्याच्यावर टाकला तर कंबरेभोवतीचा सगळा घेर वर ओढून धरता येतो. त्यामुळे पोट, कंबर, नितंब आणि मांडीची बाहेरची बाजू एकाच घेरदार छेदातून उचलणं शक्य झालं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या शल्यविशारदांनी २००५ मध्ये अशा रुग्णांसाठी एक मोजपट्टी बनवली. तिच्यात शरीराचे दहा भाग आहेत. दहापैकी पाच-सहा भागांत दोष असणं नेहमीचंच आहे, आणि मग प्रश्न येतो: हे सगळं एकाच दिवशी उरकता येईल का?

‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ असं म्हणणाऱ्याची कारणं खरी असतात. रजा एकदाच मिळते. भूल एकदाच घ्यावी लागते. महिनाभर घर सांभाळायला येणारी बहीण किंवा सासू दर चार महिन्यांनी येऊ शकत नाही. आणि पैसा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी हा ठरलेला अपवाद आहे. प्रकृतीला थेट धोका आहे म्हणून ती गरजेची आहे, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर वाट थोडी मोकळी असते. म्हणून घडीतल्या जखमांचे फोटो, त्वचारोगतज्ज्ञांचे कागद, दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनिशी जपून ठेवाव्यात. दावा मान्य होईलच असं नाही, पण कागदांशिवाय तो उभाच राहत नाही.

पिट्सबर्गच्याच गटानं २०१० मध्ये सहाशेहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला. एका बैठकीत जास्त शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये काही ना काही गुंतागुंत होण्याचं प्रमाण जास्त होतं. पण प्रत्येक शस्त्रक्रियेमागे धरलं तर ते वाढलेलं नव्हतं. म्हणजे पोट आणि छाती एकत्र केली म्हणून पोटाची जखम जास्त बिघडते असं दिसलं नाही. दोन जखमा असल्यानं दोन्हींपैकी एखादी बिघडण्याची शक्यता एकत्र अंगावर येते, एवढंच. या निष्कर्षाचा आधार घेऊन एकत्रित शस्त्रक्रिया बिनधोक असल्याचं सांगितलं जातं, ते मात्र मला पटत नाही. हे रुग्ण निवडून घेतलेले होते, त्यांच्यामागे या कामात मुरलेला चमू आणि पूर्ण रुग्णालय होतं. आकडे त्या व्यवस्थेसकट वाचायला हवेत.

टेबलावरचा वेळ लांबला की काय होतं ते पाहू. भूल दिल्यावर शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा ढिली पडते आणि पहिल्या तासातच आतली ऊब हातापायांकडे पसरून निघून जाते. त्यात या शस्त्रक्रियेत अर्धं अंग उघडं असतं, त्यावर थंड जंतुनाशक फिरवलेलं असतं, वर एसी. भूलतज्ज्ञ अँड्रिया कुर्झ आणि डॅनियल सेस्लर यांनी १९९६ मध्ये आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर केलेला अभ्यास इथे आठवतो. ज्यांना उबदार ठेवलं त्यांच्यात जखमेचा संसर्ग ६ टक्क्यांना झाला. ज्यांचं तापमान दोनेक अंश उतरलं त्यांच्यात १९ टक्क्यांना. थंडीनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी मिळतो आणि जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना नेमका तोच लागतो. म्हणून जाणकार भूलतज्ज्ञ रुग्णाला टेबलावर घेण्याआधीपासून गरम हवेचं पांघरूण देतात, सलाइनही कोमट करून देतात.

दुसरी भीती रक्ताच्या गुठळीची. पायातलं रक्त संथ झालं, रक्तवाहिनीला इजा झाली किंवा रक्तच घट्ट झालं की गुठळी धरते. तीन कारणांची ही मांडणी एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ विरशॉव यांच्या अभ्यासातून आली. या शस्त्रक्रियेत तिन्ही हजर असतात. पोटाचे फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणले की पोटातला दाब वाढतो आणि जांघेतून वर जाणारं रक्त आणखी अडखळतं. धोका मोजायला कॅप्रिनी नावाची गुणपद्धत आहे. पंचेचाळीस वर्षांची, थोडं वजन अजून जास्त असलेली, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी स्त्री पाऊण तासाहून लांब शस्त्रक्रियेला गेली की तिचे पाच गुण इथेच भरतात. पूर्वी कधी गुठळी झाली असेल तर आणखी तीन. त्यावरून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन द्यायचं का, किती दिवस द्यायचं, हे ठरतं. आपला कॅप्रिनीचा आकडा किती, हे रुग्णानं विचारायलाच हवं. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यानं तर खासगी दवाखान्यात होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांना कायद्यानं वेसण घातली: सगळं मिळून आठ तासांपेक्षा लांब बेत आखायचा नाही आणि पोटाच्या शस्त्रक्रियेबरोबर लायपोसक्शन केलं तर एक लिटरच्या वर चरबी काढायची नाही.

घड्याळाइतकीच महत्त्वाची आहे ओढाताणीची भूमिती, पण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पोटाचे टाके सैल राहावेत म्हणून रुग्णाला आठवडाभर कंबरेत वाकून चालावं लागतं. पाठीकडचा छेदही त्याच दिवशी घेतला असेल तर वाकलं की मागचे टाके ताणतात आणि ताठ उभं राहिलं की पुढचे. दंडाची शस्त्रक्रियाही उरकली असेल तर हातांवर जोर देऊन उठता येत नाही. पोट खाली ओढल्यानं छातीखालची घडीही थोडी खाली सरकते, म्हणून छातीची आखणी पोटाच्या आखणीशी ताडूनच करावी लागते. मांडीच्या आतल्या बाजूला लसिकावाहिन्यांचं जाळं आहे. ते दुखावलं की पाय सुजतात, आणि कंबरेभोवतीचा मोठा छेद त्याच वेळी असेल तर सूज उतरायला वाव राहत नाही. म्हणून बरेच शल्यविशारद आधी पोट किंवा कंबरेचा घेर, जमल्यास छाती सोबत, मग तीन ते सहा महिन्यांनी दंड, मांड्या असे टप्पे पाडतात. रक्ताचाही विचार असतो. लठ्ठपणात जाड झालेल्या रक्तवाहिन्या वजन उतरल्यावरही जाडच राहतात, त्यामुळे रक्तस्राव अपेक्षेपेक्षा जास्त होतो. शिवाय पोटाची कातडी उचलताना खालून येणाऱ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात आणि ती बाजूंच्या रक्तावर जगते. पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा बरगडीखालचा व्रण असेल तर एका बाजूचा तो रस्ताही आधीच तुटलेला असतो. असा जुना व्रण पहिल्याच भेटीत दाखवावा.

पण माझ्या मते या सगळ्याचा निकाल शस्त्रक्रियागृहात लागतच नाही. तो त्याआधीच्या सहा महिन्यांत स्वयंपाकघरात लागतो. जखम भरणं म्हणजे नवं कोलॅजन विणणं, आणि त्याला प्रथिनं, लोह, जस्त, क जीवनसत्त्व लागतं. कंबरेभोवती फिरणारा छेद मीटरभर लांब असू शकतो. त्यात दंड आणि छाती मिळवा. एवढं कापड एकाच वेळी विणायचा माल शरीराकडे आहे का? स्लीव्ह शस्त्रक्रियेत लहान केलेल्या जठरात शंभर-दीडशे मिलीलिटरच मावतं. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या ज्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं, तिथेच लोह सर्वात जास्त शोषलं जातं. बी-१२चं शोषणही कमी होतं. त्यात आपल्याकडे सुरुवातच कमी रक्तानं होते: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

बॅरिएट्रिक रुग्णाला एरवीच रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं सांगितली जातात. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आगेमागे त्याहून जास्त. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तेवढ्याच बांगड्यात वीसेक. अर्धी वाटी खाल्ली की पोट भरणाऱ्या शाकाहारी माणसाला हा आकडा वरण-भात-भाजीनं गाठता येत नाही, पावडर घ्यावीच लागते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, अल्ब्युमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासून, कमी असेल ते भरून मगच तारीख घ्यायची. गोळ्यांचं लोह लागू पडत नसेल तर ते शिरेतून देता येतं. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबा, वजन तीन ते सहा महिने एका जागी राहू द्या, असं सांगतात ते याचसाठी. वजन उतरत असलेलं शरीर स्वतःचाच साठा मोडून खात असतं.

तंबाखूबाबत तडजोड नाही. निकोटिननं त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि जेमतेम रक्तावर जगणारी पोटाची कातडी काळी पडू शकते. ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, हे डॉक्टरांनी विसरू नये आणि बायकांनीही लपवू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे सगळं बंद.

वजनाची इंजेक्शनं घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. भारतात २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि त्यापाठोपाठ वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आलं. या औषधांनी जठर हळू रिकामं होतं, त्यामुळे रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शेवटचा डोस कधी घेतला हे भूलतज्ज्ञांना सांगावं. डोस थांबवायचा की आदला दिवस पातळ आहारावर काढायचा, हे त्यांना ठरवू द्यावं.

घरी आल्यावरची तयारी आधीच करून ठेवावी लागते. जमिनीवर बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, खाली ठेवलेला गॅस, हे काही आठवडे जमत नाही. उंच कॉट, गुडघ्यांखाली उशी, कमोडची खुर्ची हवी. शस्त्रक्रियेच्याच दिवशी संध्याकाळी उठून चार पावलं चालायचं, मग दर दोन-तीन तासांनी. गुठळीवर याच्याइतकं स्वस्त औषध नाही. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळीतलं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं. चोवीस तासांत तीस मिलीलिटरच्या खाली आलं की बहुधा नळी निघते. टाके वरून कोरडे दिसले म्हणून बादली उचलायची नाही. आठवड्याभरानं जखमेची ताकद मूळ त्वचेच्या तीनेक टक्के असते, तीन आठवड्यांनी वीसेक टक्के, तीन महिन्यांनी ऐंशीच्या घरात. एकच पोटरी सुजली, दम लागला, छातीत कळ आली तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचं. ताप आला, जखमेभोवती लाली पसरली किंवा एक बाजू एकाएकी फुगली तरी त्याच दिवशी फोन करायचा.

परदेशातून सुट्टीत येऊन हे उरकणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर विमानात बसायला किमान दहा दिवस थांबावं, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचं सांगणं आहे. पण गुठळीचा धोका त्याही पुढे काही आठवडे रेंगाळतो आणि चौदा तासांचा प्रवास त्यात भर घालतो. शिवाय तिसऱ्या आठवड्यात कातडीखाली पाणी साठलं तर ते सुईनं काढायला त्याच हाताचा डॉक्टर जवळ लागतो. कोकणातून किंवा मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला येणाऱ्यांनीही पहिले दोन आठवडे शहरातच नातेवाइकांकडे मुक्काम ठेवावा.

पहिल्या टप्प्यानंतर घाई करू नये. व्रण लाल, टणक असतात ते फिके पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं, सूजही महिनोन्महिने उतरत राहते. दुसऱ्या टप्प्याआधी हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन पुन्हा तपासायचं, कारण पहिल्या शस्त्रक्रियेनं साठा खर्ची पडलेला असतो. आणि काही जण तिथेच थांबतात. पोटाची घडी गेली, खाज गेली, पावसाळा कोरडा गेला, की दंड तसेच राहिले तरी त्यांना चालतं.