गादीचा मोह आणि लंडनचा किल्ला

श्रोतेहो, भुताचा सिनेमा म्हटला की पडका वाडा, करकरणारे दार आणि मध्यरात्रीची किंकाळी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण भुताचे नावही न घेता अंगावर काटा आणणारे काही बोलपट आहेत. त्यांत भीती वाटते ती माणसाची. गादीसाठी सख्ख्या नात्यावर उठलेल्या माणसाची. अशाच एका जुन्या बोलपटाची हकीगत आज पाहू या.

‘टॉवर ऑफ लंडन’ हे त्याचे नाव. अमेरिकेच्या युनिव्हर्सल कंपनीने तो १९३९ साली काढला. टॉवर म्हणजे लंडनमधला थेम्स नदीकाठचा जुना किल्ला. राजवाडाही तोच आणि बंदिखानाही तोच. काळ पंधराव्या शतकाचा. गादीवर चौथा एडवर्ड आहे आणि त्याचा धाकटा भाऊ रिचर्ड त्या गादीवर डोळा ठेवून आहे. रिचर्डची भूमिका बेझिल रॅथबोन यांनी केली आहे.

या रिचर्डजवळ एक लहानसे कपाट आहे. आत इवलासा दरबार, इवलेसे सिंहासन आणि गादीच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसांच्या बाहुल्या. एकेक माणूस नाहीसा झाला, की रिचर्ड त्याची बाहुली उचलतो आणि विस्तवात टाकतो. झाले! आरडाओरडा नाही, रक्त नाही. तरी पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. सत्तेच्या मोहात माणसाला माणूस बाहुलीएवढाच दिसू लागतो, हे त्या एका कपाटाने सांगितले.

आता तुम्ही विचाराल, हे सारे खरे किती? शिक्षकबंधूंनी इथे जरा थांबावे.

पक्के ठाऊक आहे ते असे. एप्रिल १४८३ मध्ये एडवर्ड वारला. मागे दोन मुलगे राहिले, एक बारा वर्षांचा, दुसरा नऊ वर्षांचा. थोरला राजा ठरला आणि त्याच्या नावाने कारभार काका रिचर्ड पाहू लागला. पुढे ही मुले औरस नव्हेत असे ठरवण्यात आले आणि ६ जुलैला काकानेच स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. टॉवरमध्ये ठेवलेली ती दोन पोरे त्या वर्षानंतर कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. १४८५ च्या ऑगस्टात बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला आणि ट्यूडर घराणे गादीवर आले.

मुलांना काकानेच मारवले असे पुष्कळांना वाटते. पण गुन्हा शाबीत झालेला नाही. शेक्सपिअरने रिचर्डला खलपुरुष रंगवले, ते ट्यूडर घराण्याच्याच राणीच्या अमदानीत. जिंकणाऱ्याच्या राज्यात हरलेल्याची बाजू कोण मांडणार, बरे?

बोलपटाने तर काही ठिकाणी चक्क ‘ध’ चा ‘मा’ केला आहे. मधला भाऊ क्लॅरेन्स याला रिचर्ड आणि त्याचा जल्लाद मॉर्ड दारूच्या पिंपात बुडवतात, असे दृश्य आहे. वास्तविक क्लॅरेन्सला १४७८ साली मृत्युदंड झाला तो थोरल्या भावाच्या, राजा एडवर्डच्याच कारकिर्दीत. पिंपाची गोष्ट दंतकथेसारखी चालत आलेली. आणि बोरिस कार्लॉफ यांनी रंगवलेला तो मॉर्ड निव्वळ काल्पनिक.

२०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली एक सांगाडा मिळाला. तो रिचर्डचा, हे पुढच्या वर्षी तपासणीअंती सिद्ध झाले. पाठीचा कणा खरोखरच वाकलेला होता. पण नाटकात सांगतात तसा वाळलेला हात मात्र नव्हता. म्हणजे ऐकीव गोष्टीत थोडे खरे, थोडे पदरचे!

१९६२ साली रॉजर कॉर्मन यांनी याच नावाचा दुसरा बोलपट काढला. पहिल्यात पिंपात बुडालेले व्हिन्सेंट प्राइस यात रिचर्ड झाले. इथे मात्र भुते आहेत. मारलेली माणसे राजाला दिसतात, छळतात. पण ही भुते येतात ती त्याच्याच मनातून.

शिक्षकांनी असा इतिहास शिकवताना फळ्यावर तीन रकाने आखावेत: नोंद, तर्क आणि कल्पना. मुलांनाच एकेक गोष्ट योग्य रकान्यात लिहू द्यावी. पुराव्यावाचून कोणाला खुनी म्हणू नये, हे त्यांना कळेल. आणि राज्याच्या भांडणात हरवलेली ती दोन पोरे त्यांच्याच वयाची होती, हेही त्यांच्या ध्यानात येईल.