मामाजींची जीप आणि माझी व्हायवा

मित्रांनो, "डिफरन्शियल कशासाठी असतो?" हा प्रश्न एक्स्टर्नल सरांनी विचारला की आपण डोळे मिटून उत्तर देतो. पण चिखलाने माखलेली जीप समोर उभी करून कुणी "आता सांग, हिला काय झालं?" असं विचारलं, की बोबडी वळते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी वळली होती. परीक्षक होते माझे मामाजी, आणि परीक्षेचं ठिकाण होतं अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या त्यांच्या घरचं अंगण.

आमचा भाग धानाचा. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरशिवाय जाणारं एकच वाहन म्हणजे फोर व्हील जीप. महिंद्रने 1947 मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली मामाजींची एमएम 540. लो बॉनेट, 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन. मॉडेल केव्हाच बंद झालं, पण गावात रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की याच जीपला हाक जाते.

तक्रारी दोन होत्या. गाडी उचलताना खालून "खट्" असा आवाज, आणि फोर व्हील टाकल्यावर लिव्हर परत निघत नाही. एका गॅरेजवाल्याने ट्रान्स्फर बॉक्स खाली उतरवायला सांगितला होता. खर्च एवढा, की मामेबहिणीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले असते. नाहीतर जीप विका.

"का बाबू, तीन वर्षं काय शिकून राहिला कॉलेजात? सांग, का झालं इले?" मामाजी म्हणाले. मी खाली वाकून पाहिलं आणि रुबाबात म्हणालो, "क्राऊन-पिनियन गेलं असेल." उत्तर साफ चूक होतं.

वाचवलं ते शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीबाबांनी. ते म्हणाले, "आवाज कुठून येते ते सोड. लोखंडातून आवाज कुठूनबी येते. आवाज कवा बदलते ते आयक." या एका वाक्यात पूर्ण फॉल्ट डायग्नोसिस आहे. कसं ते सांगतो.

आधी शक्तीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. इंजिन, क्लच, गिअर बॉक्स, मग ट्रान्स्फर बॉक्स. तिथून एक प्रॉपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. दोन्हीकडे क्राऊन-पिनियन, डिफरन्शियल, एक्सल आणि चाकं. दोष या साखळीत कुठेतरी असतो. आपलं काम साखळी मधोमध तोडून बघायचं.

पहिलं काम, पाना लावायच्या आधी ऑइल बघा. चारही ठिकाणचे प्लग उघडून बोट बुडवा. ऑइल दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. धावून तापलेला एक्सल नाल्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर तीच हवा ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइलमध्ये चमकी दिसली तर दाते किंवा बेअरिंग झिजतंय.

दुसरं, गाडी चालवून ऐका. चाळीसच्या वेगात क्लच दाबून न्यूट्रल करा. आवाज थांबला तर इंजिन, क्लच, गिअर बॉक्सकडे बघा. आवाज तसाच राहिला तर शाफ्ट, एक्सल, चाकांकडे. ॲक्सिलरेटर दाबला की घूं घूं आणि सोडला की गप्प, किंवा याच्या उलट, असं असेल तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्या. स्टिअरिंग थोडं डावं-उजवं केल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर व्हील बेअरिंग. डांबरी सोडून मुरुमाच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला, तर तो बहुतेक टायरचाच.

आमच्या जीपचं ऑइल स्वच्छ होतं, घूं घूं नव्हतं. म्हणजे माझं क्राऊन-पिनियन तिथेच नापास!

तिसरं, चाकांना दगड लावून, न्यूट्रल करून, खाली शिरा आणि प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवा. मागच्या शाफ्टच्या क्रॉसमध्ये स्पष्ट प्ले होता, आणि कपाभोवती तांबडी भुकटी. ग्रीस न मिळाल्याने आतल्या सुया गंजून गेल्या होत्या. "खट्" आवाजाचा चोर सापडला.

राहिला अडकणारा लिव्हर. मिस्त्रीबाबांनी विचारलं, "अडकते कुठं?" मामाजी म्हणाले, "कोहमाऱ्याच्या डांबरी रस्त्यावर. बांधीत कधीच नाही." बाबांनी जीप सरळ रेषेत चार-पाच फूट रिव्हर्स घेतली आणि लिव्हर लोण्यासारखा निघाला! बॉक्स खराब असता तर रिव्हर्स घेऊन एवढ्या सहज निघाला नसता.

इथे आपली थिअरी कामी आली. या जीपच्या पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसतो. फोर व्हील टाकलं की दोन्ही शाफ्टना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मी चाकांवर खडूची खूण केली, जीप एक फेरा ढकलली आणि टेप लावला. पुढचं चाक 228 सेंटिमीटर, मागचं 224! मामाजींनी नवे टायर फक्त पुढे टाकले होते. हिशोब करा. एका किलोमीटरला पुढचं चाक सुमारे 439 फेरे मागतं, मागचं 446. फरक 7 ते 8 फेऱ्यांचा. चिखलात चाक घसरून हा फरक पचवतं. डांबरावर चाक घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये भरतो आणि गिअरचे दाते एकमेकांना घट्ट आवळून बसतात. वळणावर तर पुढची चाकं आणखी मोठ्या वर्तुळात फिरतात, पीळ वाढतो. रिव्हर्स घेतलं की पीळ उलगडतो.

उपाय काय? चारही टायर सारखे, आणि डांबरी रस्ता लागला की फोर व्हील काढायचं. बस्स.

क्रॉस मात्र मी स्वतः बदलला, आणि तिथे दुसरी चूक केली. शाफ्टचा स्लिप जॉइंट सोडताना खूण केली नाही. जोडल्यावर पन्नासच्या वेगात अख्खी जीप थरथरायला लागली. आठवा, थिअरी ऑफ मशिन्समधला हुक्स जॉइंट. तिरक्या कोनात तो एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दुसऱ्या टोकाचा जॉइंट ते भरून काढतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. माझे काही दाते सरकले होते. या प्रश्नाला मला पेपरात पूर्ण मार्क होते! बाबा हसले, "खडू चार आण्याचा राहते, बाबू."

शेवटी खर्च आला एक क्रॉस आणि थोडं ग्रीस, काही शे रुपये. टायरचं काम नवं धान विकल्यावर झालं. ट्रान्स्फर बॉक्स अजून उघडलेला नाही. बहिणीची फी वेळेवर भरली गेली, ती यंदा फर्स्ट इयरला आहे. आणि आषाढात इटियाडोहकडच्या एका बाईला बाळंतपणासाठी त्याच जीपने दवाखान्यात पोहोचवलं.

तेव्हा दोस्तांनो, सुट्टीत घरच्यांनी एखादी गाडी, मोटरपंप किंवा मिक्सर पुढे केला तर लगेच पार्टचं नाव सांगू नका. दोष कधी येतो, कधी जातो, ते आधी विचारा. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर. आणि सोडण्याआधी खडूची खूण करा. माझ्या खिशात आता कायम असतो.