मण्यांवर मोजलेला श्वास

बाळाचा श्वास मोजायचा तर आधी झबलं वर करायचं, त्याला शांत होऊ द्यायचं, दूध पीत असेल तर थांबायचं. मग पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. मेळघाटातल्या धारणी तालुक्यात आरोग्यसेविका असताना नव्या आशाताईंना मी आधी हेच शिकवायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर त्याला घरी ठेवायचं नाही.

पण जिला दहापुढे मोजता येत नाही, तिनं काय करावं? उत्तर शोधलं गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तान्ह्यासाठी सहा मण्यांची ओळ, मोठ्यासाठी पाचांची. वाळूच्या आधी मणी संपले, की न्यूमोनियाची शंका घ्यायची. निरक्षर सुईणीच्या हाती निदान देणारं हे साधन मला कुठल्याही महागड्या यंत्राहून मोठं वाटतं.

पुढे त्यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथला नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. आज आशा 42 दिवसांपर्यंत घरभेटी देतात, त्यामागे हेच काम आहे.

मेळघाटात नाल्याला पूर आला, की अमरावतीचं डफरिन काय नि अकोल्याचं लेडी हार्डिंग काय, दोन्ही स्त्री रुग्णालयं सारखीच लांब. तेव्हा कोरकू मायच्या दारात पोचते ती आशाच. तिचा वजनकाटा, थर्मामीटर नि घड्याळ चालू असलंच पाहिजे; एका बॅटरीसाठी तिला ताटकळत ठेवू नये.