विंचुर्णीहून निघालेली सफर

यंदा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. तरावीहची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर पडतात, तेव्हा फलटणच्या दक्षिण आकाशात, क्षितिजापासून फार वर नाही, असा एक ठळक पांढरा तारा दिसतो. व्याधाच्या खालोखाल आकाशातला हाच सर्वांत तेजस्वी तारा. मराठी पंचांग त्याला अगस्ती म्हणते, अरबी आणि उर्दूत तो सुहैल. अगस्ती ऋषींनी समुद्र प्राशन केला, अशी आपल्याकडची कथा आहे. अगस्तीचा उदय झाला की पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळते, असे जुने लोक सांगत. तिकडे आखातातले अरब सुहैल उगवण्याची वाट पाहतात, कारण तो दिसला की उन्हाळ्याची काहिली उतरू लागते. दोन्ही किनाऱ्यांवरच्या माणसांनी ऋतू ओळखला तो याच ताऱ्याकडे पाहून.

त्या सुहैलशी नाते सांगणारे नाव असलेली एक होडी मुंबईत बांधली गेली. तिचे नाव सुहैली. इराणच्या आखातातले अरब खलाशी एका वाऱ्याला सुहैली म्हणत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजावरचा तरुण अधिकारी. त्याने 32 फुटांची ही सागवानी नौका मुंबईच्या सुतारांकडून बांधून घेतली आणि आपला भाऊ व एक मित्र यांना सोबत घेऊन ती इंग्लंडला नेली. 14 जून 1968 रोजी फाल्मथ बंदरातून तो एकटाच निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारून 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी परतला. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोहोचला हा एकटा. बक्षिसाचे पाच हजार पौंड मात्र त्याने शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

होडी मुंबईची, लाकूड सागाचे, हात इथल्या सुतारांचे. तरीही पुढची चाळीस वर्षे एकाही भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली नव्हती. ही उणीव ज्यांना स्वस्थ बसू देत नव्हती, ते निवृत्तीनंतर राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. 1971च्या युद्धात बंगालच्या उपसागरात आयएनएस कामोर्टाचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले, पुढे पश्चिम नौदल कमानीचे प्रमुख होऊन 1983 मध्ये निवृत्त झालेले. समुद्र घाटापलीकडे, इथे पर्जन्यछायेचा माळ. पाण्यासाठी कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या या तालुक्यात राहून आवटी साहेबांनी ‘सागर परिक्रमे’चे स्वप्न जपले आणि नौदलाच्या गळी उतरवले. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

2006 मध्ये कमांडर दिलीप दोंदे या कामासाठी स्वतःहून पुढे आले. अडचण अशी, की विचारायचे कोणाला? देशात या वाटेने गेलेला कोणीच नव्हता. म्हणून दोंदे गेले परदेशी, थेट नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. सर रॉबिन तेव्हा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा एकट्याने जगफेरीला निघण्याच्या तयारीत होते. स्पेनमधल्या बिल्बाओहून त्यांची शर्यत सुटायची होती. दोंदे त्यांच्या नौकेच्या तयारीत हाताखाली राबले. पुढच्या प्रदक्षिणेच्या मानाने ही सफर छोटीच, पण एकट्या माणसाने जायच्या होडीला काय काय लागते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. जो जाऊन आला आहे त्याच्यापाशी बसावे लागते, त्याचे दोर ओढावे लागतात. आपल्याकडे उस्तादाच्या दारात शागीर्द राहतो, तसेच हे.

तिथून आणलेली शिदोरी गोव्यात कामी आली. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. मॉरिशसपर्यंत जाऊन येण्याची रंगीत तालीम झाली. 19 ऑगस्ट 2009 रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन असे चार मुक्काम करून मे 2010 मध्ये परतले. त्यानंतर अभिलाष टॉमी याच म्हादेईतून 2012-13 मध्ये कुठेही न थांबता एकटे फिरून आले. दोंदे यांच्या तालमीत तयार झालेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी मे 2018 मध्ये ‘तारिणी’तून परिक्रमा पूर्ण केली. एकाने दुसऱ्याला शिकवले, दुसऱ्याने तिसऱ्याला.

या दोस्तीची खरी कसोटी त्याच वर्षी लागली. सुहैलीच्या फेरीला पन्नास वर्षे झाली म्हणून तीच शर्यत पुन्हा ठेवली गेली. नियम 1968चेच. उपग्रहावरून दिशा दाखवणारी साधने नाहीत. कागदी नकाशे, सूर्यतारे आणि सेक्स्टंट. टॉमींची ‘तुरिया’ ही सुहैलीचीच प्रतिकृती, दांडेकरांनीच गोव्यात बांधलेली. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर, वादळाने तुरिया उलटली. डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठून बसणेही अशक्य झाले.

त्यांना सर्वांत जवळचा माणूस होता आयर्लंडचा ग्रेगर मॅकगुकिन. शर्यतीतला प्रतिस्पर्धी. त्याच वादळात त्याचीही डोलकाठी गेली होती. तरीही त्याने तात्पुरते शीड उभारले आणि होडीचे तोंड टॉमींच्या दिशेने वळवले. भारतीय नौदलाच्या विमानाने तुरिया हुडकून काढली. 24 सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचलले आणि मॅकगुकिनलाही आपल्याकडे घेतले. हिंदुस्थानी, आयरिश, फ्रेंच, ऑस्ट्रेलियन अशा किती जणांनी ते तीन दिवस एका माणसासाठी जागून काढले असतील! बुडत्याला जात-धर्म विचारायला समुद्रावर सवड नसते. जमिनीवर आपल्याला ती एवढी कुठून मिळते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आयएनएस सातपुड्याने टॉमींना मायदेशी आणले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 3 नोव्हेंबर 2018 रोजी, आवटी साहेबांनी विंचुर्णीत अखेरचा श्वास घेतला. वय 91. टॉमी मात्र कण्यात धातूच्या सळ्या घेऊन पुन्हा उभे राहिले. 2022 मध्ये तीच शर्यत पुन्हा सुटली तेव्हा ते तिच्यात होते. 29 एप्रिल 2023 रोजी, 236 दिवसांनी, ते दुसरे आले. ते पाहायला विंचुर्णीचे ॲडमिरल नव्हते.

इस्लाममध्ये मुसाफिराला रोज्याची सवलत आहे. राहिलेले रोजे घरी परतल्यावर पूर्ण करायचे. मुसाफिराची दुआ कबूल होते, अशीही श्रद्धा आहे. आज रात्री नमाजीहून परतताना किंवा जेवणानंतर शतपावली करताना दक्षिणेकडे, जरा पश्चिमेला पाहावे. सुहैल म्हणा की अगस्ती, तो दिसेल. या घटकेला कुठल्यातरी समुद्रावर एकटा माणूस सेक्स्टंट डोळ्याला लावून त्याच ताऱ्यावरून आपली वाट शोधत असेल. त्याच्यासाठीही एक दुआ मागायला हरकत नाही.