विश्लेषण : ‘रास्पबेरी पाय’ मध्येच बंद का पडतो? व्होल्टेज वाढवणे हा त्यावर उपाय आहे का?

तळहातावर मावणारा, एकाच सर्किट बोर्डवर बसवलेला ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक ब्रिटनमधील केंब्रिज येथून २०१२ मध्ये बाजारात आला. मूळ हेतू मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्याचा होता. आज तो सीसीटीव्हीचे चित्रण साठवण्यापासून हवामानाच्या नोंदी घेण्यापर्यंतची, दिवसरात्र चालणारी कामे करतो. असा संगणक मध्येच गोठला किंवा आपोआप पुन्हा सुरू झाला, तर अनेक जण प्रोसेसरचे व्होल्टेज वाढवून पाहतात. मात्र बऱ्याचदा दोष तिथे नसतोच.

व्होल्टेज एक की दोन?

दोन. पहिले म्हणजे चार्जरमधून बोर्डला मिळणारे ५ व्होल्ट. दुसरे म्हणजे बोर्डवरील वीजनियंत्रक चिप त्यातून तयार करून प्रोसेसरला देते ते, साधारण एक व्होल्टच्या आसपासचे ‘कोअर व्होल्टेज’. पहिले चार्जर आणि केबलवर अवलंबून असते, तर दुसरे सेटिंगमधून बदलता येते. या दोहोंत गल्लत झाली की चुकीच्या जागी उपचार सुरू होतात.

केबलमुळे इतका फरक पडतो?

पडतो. बारीक तारेच्या केबलचा आणि जोडांचा मिळून विरोध ०.२ ओहम आहे असे समजा. त्यातून २ अँपिअर प्रवाह गेला, तर ०.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि बोर्डपर्यंत ४.६ व्होल्टच पोहोचतात. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली दाब गेला की रास्पबेरी पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो. स्क्रीन जोडलेला असेल तर विजेचे चिन्ह दिसते. त्यानंतर प्रोसेसरचा वेगही कमी केला जातो. अधिकृत चार्जर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो, तो ही घट भरून काढण्यासाठीच.

मोबाइलचा मोठा चार्जर चालेल का?

वॅटचा आकडा पाहून ठरवू नका. मोबाइलचे अनेक फास्ट चार्जर व्होल्टेज वाढवून जास्त वॅट देतात. रास्पबेरी पायला मात्र ५ व्होल्टच लागतात. ‘पाय ४’साठी ३ अँपिअरचा, तर २०२३ मध्ये आलेल्या ‘पाय ५’साठी ५ अँपिअरचा चार्जर सुचवलेला आहे. ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जरही ५ व्होल्टवर बहुधा ३ अँपिअरच देतो. अशा वेळी पाय ५ आपल्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच प्रवाह देतो आणि जोडलेली हार्ड डिस्क अडखळते.

मग कोअर व्होल्टेज कधी वाढवावे लागते?

प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा वेगाने चालवायचा असेल, म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’ करायचे असेल तेव्हा. २.४ गिगाहर्ट्झवर प्रत्येक ठोक्याला अर्ध्या नॅनोसेकंदापेक्षा कमी वेळ मिळतो. तेवढ्यात ट्रान्झिस्टरनी आपली अवस्था बदलली नाही, तर हिशेब चुकतो. व्होल्टेज जास्त असेल तर ट्रान्झिस्टर लवकर बदलतात. एकाच कारखान्यातल्या दोन चिपही तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे मित्राच्या बोर्डवर चाललेला आकडा तुमच्या बोर्डवर चालेलच असे नाही.

किंमत काय मोजावी लागते?

उष्णता. वीजवापर वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाय ४ चा वेग १.५ वरून २ गिगाहर्ट्झ केला आणि ०.९ व्होल्टचे १.०५ व्होल्ट केले, तर ढोबळ हिशेबाने प्रोसेसरच्या कामाचा वीजवापर सुमारे १.८ पट होतो. ८० अंश सेल्सिअसला बोर्ड स्वतःहून वेग कमी करू लागतो. पंखा किंवा हीटसिंक नसेल, तर वाढवलेला वेग हाती लागतच नाही. चार्जर आधीच अपुरा असेल, तर वाढलेल्या मागणीने पुरवठा आणखी कोलमडतो. म्हणजे रोगापेक्षा औषध जड!

नेमके काय करावे?

आधी तपासणी. ‘व्हीसीजेन-सीएमडी’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ जोडून विचारले, की सुरू झाल्यापासून व्होल्टेज कधी घसरले का आणि उष्णतेमुळे वेग कमी झाला का, ते कळते. उत्तर शून्य नसेल, तर आधी चार्जर, केबल आणि पंख्याकडे पाहा. ओव्हरक्लॉकिंग केले असेल, तर ते काढून मूळ सेटिंगवर काही दिवस चालवा. तरीही संगणक बंद पडत असेल, तर मेमरी कार्ड बदलून बघा.

त्यानंतरही वेग वाढवायचाच असेल, तर महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा. ‘कॉन्फिग’ फाइलमधील ‘ओव्हर व्होल्टेज’ या सेटिंगची एक पायरी म्हणजे ०.०२५ व्होल्ट. एका वेळी एकच पायरी चढा आणि प्रत्येक वेळी काही तास पूर्ण भार देऊन चाचणी घ्या. सहाच्या वरचे आकडे खास परवानगीच्या सेटिंगशिवाय चालत नाहीत आणि काही मॉडेलमध्ये त्याची कायमची खूण चिपमध्ये राहते. बोर्ड सुरूच झाला नाही, तर कार्ड दुसऱ्या संगणकात घालून ती ओळ पुसता येते.

इतकी काळजी का?

बंद पडलेला संगणक निदान दिसतो. काठावरच्या व्होल्टेजवर चालणारा संगणक मात्र सुरू राहूनही चुकीचा हिशेब करू शकतो किंवा लिहिता लिहिता बंद पडून मेमरी कार्डवरील फाइली बिघडवू शकतो. बोर्ड नवा घेता येतो. वर्षभराच्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत. म्हणून कोअर व्होल्टेजला हात लावण्याआधी केबल बदलून बघा.