वितीत मावणारी वाघीण

रेल्वेच्या मालवाहू डब्याची, म्हणजे वाघिणीची, मापाबरहुकूम प्रतिकृती करणे आणि खेळण्यातली आगगाडी फिरवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खेळण्यातली गाडी धावली की काम भागते. प्रतिकृती मात्र एका ठरावीक मार्गावरच्या, ठरावीक सालातल्या आणि ठरावीक बनावटीच्या वाघिणीची असते. रिव्हेटांच्या ओळी, हातब्रेकचा दांडा, कडेवरची अक्षरे, आतला माल या सगळ्यांचा एकमेकांशी आणि त्या सालाशी मेळ बसावा लागतो. वाफेच्या काळातल्या वाघिणींसाठी ही मेहनत विशेष मोलाची आहे. त्या काळची काही इंजिने स्थानकांबाहेरच्या चौथऱ्यांवर आणि संग्रहालयांत टिकली. त्यांच्यामागे जोडलेल्या हजारो वाघिणी मात्र भंगाराच्या वजनावर विकल्या गेल्या. एखाद्या मुलखाचे पोट कशावर चालत होते, हे इंजिनापेक्षा वाघीण जास्त नेमके सांगते, आणि नेमकी तीच जपली गेली नाही.

या दृष्टीने पाहिले तर महाराष्ट्रात गोंदियाइतके समृद्ध यार्ड क्वचितच सापडेल. नागपूर ते राजनांदगाव ही नागपूर–छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज वाट १८८२ साली पूर्ण झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली, ब्रॉडगेज केली आणि कलकत्त्याच्या दिशेने पुढे नेली. मग १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी नॅरोगेज टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १९०८ मध्ये दक्षिणेला नागभीडकडे जाणारा फाटा आला, तो १९१३ मध्ये चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, पोचला. १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज आणि ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज गोंदियाला शेजारी शेजारी आली, पण एकीची वाघीण दुसरीवर चढू शकत नव्हती. त्यामुळे सातपुड्याच्या जंगलातून आलेला माल इथे उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा भरायचा, हे काम हमालांच्या डोक्यावरून नि पाठीवरून चालत असे.

प्रतिकृती करणाऱ्यासाठी यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. ब्रॉडगेजच्या वाघिणी देशभर सामायिक वापरात होत्या. गोंदियाच्या ब्रॉडगेज रुळावर उभ्या असलेल्या मालगाडीत बंगाल नागपूर रेल्वेच्या वाघिणींबरोबर ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी), ईस्ट इंडियन किंवा निजाम स्टेट रेल्वेच्या वाघिणीही सहज असायच्या. सगळ्या डब्यांवर एकाच कंपनीची अक्षरे असलेली ब्रॉडगेज मालगाडी दिसायला नीटनेटकी असली तरी खरी वाटत नाही. नॅरोगेजचे उलटे आहे. तिथल्या वाघिणी त्याच जाळ्यात जन्मभर फिरल्या, म्हणून त्या मात्र एकाच कुटुंबातल्या दिसायला हव्यात.

कामाला सुरुवात होते ती प्रमाण ठरवण्यापासून, आणि गोंदियाच्या बाबतीत हा निर्णय विलक्षण रंजक आहे. जगात सर्वांत प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे. त्याचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनवलेला आहे. भारतीय ब्रॉडगेज १:८७ मध्ये नेली तर रुंदी सुमारे १९.३ मिलिमीटर भरते. म्हणजे तयार रुळावर ठेवलेली भारतीय वाघीण खाली अरुंद आणि वर बोजड दिसते. जाणकाराच्या नजरेला ते लगेच खुपते. यावर एक सुंदर तोडगा आहे. एका फुटाला ३ मिलिमीटर हे प्रमाण, म्हणजे १:१०१.६, घेतले तर साडेपाच फुटांची ब्रॉडगेज बरोबर १६.५ मिलिमीटर होते. रूळ तयार मिळतो आणि वाघिणीचे सौष्ठवही बिघडत नाही.

नॅरोगेजपुरतेच काम करायचे असेल तर १:४८ हे प्रमाण सोयीचे. जुने आराखडे फूट-इंचांत असतात आणि १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच, त्यामुळे हिशेब तोंडीही करता येतो. २५ फुटांची वाघीण सव्वासहा इंचांची, म्हणजे साधारण १५९ मिलिमीटरची होते. वितीत आरामात मावते. रूळ पुन्हा तोच १६.५ मिलिमीटरचा चालतो. खऱ्या हिशेबाने तो १५.९ हवा, पण अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला जाणवत नाही. खरी कसोटी लागते ती गोंदियाचे दोन्ही गेज एकाच मांडणीत दाखवायचे ठरवले की. १:८७ घेतले तर नॅरोगेजला ९ मिलिमीटरचा तयार रूळ जवळजवळ नेमका बसतो, पण ब्रॉडगेजचा रूळ हाताने घालावा लागतो. १:१०१.६ घेतले तर ब्रॉडगेज तयार मिळते, नॅरोगेजसाठी मात्र साडेसात मिलिमीटरचा रूळ हाताने करावा लागतो. दोनपैकी एक रूळ स्वतः घडवल्याशिवाय गोंदियाचे यार्ड उभे राहत नाही. हाताने घालायचा रूळ ब्रॉडगेजचा असलेला बरा, कारण मोठ्या मापात चूक कमी होते आणि झालीच तर दुरुस्त करता येते.

प्रमाण ठरले की मूळ वाघिणीची मापे गोळा करायची. गोंदिया–जबलपूर मार्गावरची शेवटची नॅरोगेज २०१५ मध्ये थांबली आणि नागपूर–नागभीड २०१९ मध्ये. चांद्याकडचा मार्ग त्याआधीच ब्रॉडगेज झाला होता. आता चालत्या वाघिणी पाहायला मिळत नाहीत. नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ पासून खुले आहे. इथल्या नॅरोगेज सामग्रीजवळ उभे राहून लोखंड कसे जोडले जायचे हे नीट पाहता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातही जुने डबे आहेत. फोटो घेताना कॅमेरा डब्याच्या बरोबर मध्यासमोर धरायचा आणि काळे-पांढरे पट्टे रंगवलेली, ठरावीक मापाची काठी डब्याला टेकवून ठेवायची. पुढे फोटोतल्या कोणत्याही भागाचे माप त्या काठीशी ताडून काढता येते. दोन्ही बाजू आणि दोन्ही टोके टिपायला हवीत, कारण ब्रेकची रचना बहुधा दोन्ही बाजूंना सारखी नसते. रिव्हेट तर मोजूनच घ्यावे लागतात.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयाने १९९८ पासून कितीतरी मराठी मुलांना या छंदाची गोडी लावली. पण सातपुड्याच्या नॅरोगेज वाघिणीचा तयार संच दुकानात मागावा अशी सोय नाही. ती अक्षरशः एकेक तुकडा कापून करावी लागते. मुख्य साहित्य म्हणजे पांढरी स्टायरीन शीट, पाव मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत जाडीची. मुदत संपलेले एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाडीचे असते आणि तळाच्या सांगाड्याला उत्तम चालते. जाडीचा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. वाघिणीचा सहा मिलिमीटरचा पोलादी पत्रा १:४८ मध्ये मिलिमीटरचा आठवा भाग होतो; पाव मिलिमीटरची शीट त्याच्या दुप्पट जाड पडते. म्हणून उघड्या वाघिणीच्या वरच्या कडा आतून पट्टीने तासून पातळ करतात. बाहेरून दिसते ती कडच, आणि तिथे जाडी दिसली की पोलादाचा भास संपतो.

रिव्हेटांसाठी शीटच्या मागच्या बाजूने बोथट सुई दाबतात. पुढे इवलासा उंचवटा येतो. खाली किंचितच दबणारा घट्ट आधार ठेवायचा. अंतर सारखे राहावे म्हणून जुन्या घड्याळाचे दातेरी चाक ओळीवरून हलके फिरवतात आणि त्या खुणांवर सुई दाबतात. ओळ जराही वाकली तर तो पत्रा फेकून नवा घ्यायचा, कारण रंग लागल्यावर वाकडी ओळ आणखी उठून दिसते. हातधरणीच्या दांड्यांना विजेच्या वायरीतला तांब्याचा एक तंतू पुरतो. चाकांच्या वरचे पाटे, ॲक्सल बॉक्स आणि ब्रेकचे ठोकळे हे भाग वारंवार लागतात. एक नमुना नीट घडवून सिलिकॉन रबराच्या साच्यात रेझिन ओतून त्याच्या प्रती काढतात. आता त्रिमितीय छपाईनेही ते काम होते. जोडणीत दोन गेजचा फरक विसरून चालत नाही. ब्रॉडगेजच्या वाघिणीला टोकाशी दोन बफर आणि मधोमध स्क्रूची साखळी, तर नॅरोगेजला मध्यभागी एकच बफर आणि समोरच्या डब्यावर पडणारा आकडा.

रंगाच्या बाबतीत जुने काळे-पांढरे फोटो दगा देऊ शकतात. त्या काळच्या अनेक फिल्म लाल रंगाला प्रतिसाद देत नसत, त्यामुळे गेरूसारखा तांबूस रंग छायाचित्रात काळपट येतो. फोटोत काळी दिसते म्हणून वाघीण काळी रंगवणे धोक्याचे आहे. स्वातंत्र्यानंतरच्या, व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातल्या वाघिणींसाठी रेड ऑक्साइडचा तांबूस-तपकिरी पाया धरता येतो. तोही डब्यातून काढला तसाच लावला तर प्रतिकृती फार गडद दिसते. छोट्या वस्तूवर प्रकाश कमी परावर्तित होतो, शिवाय ती लांबून पाहिल्यासारखी वाटायला हवी. म्हणून रंगात थोडा पांढरा किंवा फिकट पिवळसर मिसळतात. आधी राखाडी प्रायमर, मग एअरब्रशने पातळ थर. एक जाड थर दिला तर सुईने काढलेले रिव्हेट बुजून जातात.

मग अक्षरे. ही वाघिणीची जन्मपत्रिकाच असते. १९४४ मध्ये सरकारने ताबा घेतला तोपर्यंत मार्ग बंगाल नागपूर रेल्वे कंपनीचा होता. १९५२ मध्ये तो पूर्व रेल्वेत गेला आणि १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली. ‘बी.एन.आर.’ अशी इंग्रजी अक्षरे असलेल्या वाघिणीशेजारी ‘द.पू.’ लिहिलेली वाघीण दाखवायची असेल तर पहिली जुनी, विटलेली आणि दुसरी नुकती रंगलेली हवी. वाघिणीवर दुरुस्तीची तारीख आणि कारखान्याचे नावही स्टेन्सिलने लिहिलेले असते. त्या एका तारखेने प्रतिकृतीचे साल पक्के होते. घरगुती छपाईयंत्र पांढरी शाई छापत नाही, ही इथली मोठी अडचण. तिच्यावरचा मार्ग म्हणजे पांढऱ्या डेकल कागदावर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्यावर, वाघिणीचाच तांबूस रंग छापायचा आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची. डेकल लावण्याआधी पृष्ठभागावर चकचकीत वार्निश मारतात. खरखरीत रंगावर कागदाखाली हवा राहते आणि चंदेरी डाग उमटतात. डेकल रिव्हेटांवर नीट बसावे म्हणून ते मऊ करणारे द्रावण लावतात, आणि शेवटी सगळ्यावर मंद वार्निश.

जुनेपणाची छटा देताना गोंदियाचे हवामान आणि माल दोन्ही आठवावे लागतात. वैदर्भीय उन्हाने रेड ऑक्साइड खडूसारखा फिका, किंचित गुलाबी होतो. छपरावर काजळी साचते. पावसाच्या धारा तिला कडांवरून खाली ओढतात. बुडाशी, चाकांजवळ, रुळावरची तांबूस धूळ आणि वंगण. भाताची पोती नेणारी बंद वाघीण दाराभोवती फिकट, धुळकट दिसते. मँगनीजची उघडी वाघीण आतून बाहेरून काळपट-तपकिरी असते. पेस्टल खडूची भुकटी मऊ ब्रशने लावली की हे सगळे साधते. भुकटी थोडी कमी पडली तरी चालते, जास्त झाली की वाघीण जळल्यासारखी दिसते.

मालाचे काम सर्वांत आनंदाचे, आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. बालाघाट आणि भंडाऱ्याच्या खाणींतले मँगनीज अतिशय जड. चारचाकी ब्रॉडगेज वाघिणीत साधारण २२ टन माल जायचा. तेवढा दगडी कोळसा सुमारे २६ घनमीटर जागा घेतो. तेवढेच मँगनीज नऊ-दहा घनमीटरांत संपते. म्हणून कोळशाची वाघीण काठोकाठ भरलेली दाखवायची, मँगनीजची मात्र तळाशी ढीग आणि वर बाजूंचे रिकामे पत्रे. मँगनीजने काठोकाठ भरलेली प्रतिकृती म्हणजे प्रत्यक्षात स्प्रिंग मोडलेली वाघीण. खनिजासाठी त्याच खनिजाचा चुरा चाळून वापरावा; दगड लहान केला तरी त्याच्या कडा दगडाच्याच राहतात. बांबूचे तसे नाही. खरा बांबू चिरून पातळ केला तर त्याचे तंतू मोठे दिसतात. खराट्याच्या सव्वा मिलिमीटरच्या काड्या १:४८ मध्ये सहा सेंटिमीटर जाडीच्या बांबूइतक्या होतात आणि नेमक्या शोभतात. सागाच्या ओंडक्यांना साल घट्ट असलेल्या वाळक्या फांद्या लागतात. भाताची आणि तेंदूपानांची पोती एम-सीलची करतात. ओली असतानाच त्यांवर जुन्या सुती कापडाचा तुकडा दाबला की तागाची वीण उमटते, आणि ती एकमेकांवर रचल्यावर खालची जरा दबायला हवीत. ताडपत्री म्हणजे पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर. वाळताना तो आपोआप सुरकुततो.

शेवटचे काम वजनाचे. प्लास्टिकची हलकी वाघीण वळणावर उलटते आणि सांध्यांवर उडते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार १:८७ मध्ये मूळ २८ ग्रॅम आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम वजन हवे. चार इंचांच्या वाघिणीला सुमारे ८५ ग्रॅम. बंद वाघिणीत ते तळाशी नट-बोल्ट चिकटवून भरता येते. उघडी रिकामी वाघीण दाखवायची असेल तर वजन खालच्या सांगाड्यात लपवावे लागते आणि ते पुरे पडत नाही. तिथे चाकांची धार निर्दोष असणे एवढाच उपाय उरतो. चारही चाके काचेच्या तुकड्यावर टेकतात का पाहायचे. एक चाक अधांतरी असेल तर एका ॲक्सलला किंचित डोलू द्यायचे. मग इंजिन मागे लावून वाघीण सर्वांत तंग वळणावरून उलटी रेटायची, कारण ओढताना लपलेले दोष रेटताना उघडे पडतात. त्या वळणावर चाके रुळाबाहेर गेली नाहीत आणि आकडा सुटला नाही, की वाघीण यार्डात उभी करायला हरकत नाही.